प्रेसवाल्याचा फोन येऊ नये म्हणून : टर्मिनलवरून पीडीएफ

नाशिकमध्ये छपाईच्या कामात ज्याचा हात आहे, त्याला तीन वाक्यं तोंडपाठ असतात. "फाँट उडालाय." "साइझ बसत नाही." आणि "साहेब, ओपन फाइलच पाठवा ना." वाचनालयाची स्मरणिका असो, सोसायटीचा वार्षिक अहवाल असो, की दिंडोरीच्या द्राक्षबागाईतदारांसाठीचं फवारणीचं वेळापत्रक; फाइल सातपूर-अंबडच्या ऑफसेटकडे गेली की यातलं एखादं ऐकू येतंच. फेब्रुवारीत तर विचारू नका. २७ तारखेला कुसुमाग्रजांची जयंती, मराठी भाषा गौरव दिन, आणि त्यांच्याच गावात प्रत्येक संस्थेला अंक त्याच सकाळी हातात हवा असतो.

पीडीएफ स्क्रीनवर छान दिसते म्हणजे ती छान आहे, या समजुतीतून हे सगळे फोन येतात. तुमच्या संगणकावर फाँट आहे म्हणून तुम्हाला दिसतो. पीडीएफच्या पोटात तो गेला की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. पानाचा आकार अमेरिकन लेटर आहे की ए४, हेही कळत नाही. अक्षरांमागे खरंखुरं मराठी आहे की नुसती चित्रं, हे तर अजिबात नाही. टर्मिनलला, म्हणजे संगणकाला टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीला, मात्र हे सगळं एका ओळीत विचारता येतं. म्हणून पीडीएफ बनवायची कशी हे सांगण्याआधी ती तपासायची कशी, तिथून सुरुवात करू.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एकच सूचना. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, फोनवर समोरच्याला सांगतो तशा. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंग फसवं आहे किंवा मोठी अक्षरं लागतात, तिथे फोड करून सांगितलं आहे.

सामान जमवणं

संगणकावर उबुंटू किंवा डेबियन हे लिनक्स असेल तर सगळं एका दमात येतं. "सुडो एपीटी इन्स्टॉल" लिहून पुढे ही पॅकेजं द्या : टेक्सलाइव्ह-झीटेक, टेक्सलाइव्ह-लँग-अदर, टेक्सलाइव्ह-लाटेक-एक्स्ट्रा, लाटेकएमके, घोस्टस्क्रिप्ट, पॉपलर-युटिल्स आणि क्यूपीडीएफ. डाउनलोड मोठं असतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सुरू करू नका.

आपल्याकडचे बहुतेक डीटीपीवाले विंडोजवर आहेत. त्यांनी पॉवरशेल, म्हणजे विंडोजचं टर्मिनल, उघडून "डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल" दिलं की विंडोजच्या आतच उबुंटू मिळतो. तुमचा सी ड्राइव्ह त्यात "/एमएनटी/सी" या वाटेवर दिसतो. अडचण एवढीच, की विंडोजचे फाँट या उबुंटूला आपोआप दिसत नाहीत. लागणारे फाँट तुमच्या होम फोल्डरातल्या "डॉट लोकल/शेअर/फाँट्स" या जागी ठेवा आणि "एफसी-कॅश -एफ" चालवा. घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफ बनवणारं आणि बदलणारं साधन) थेट विंडोजवर बसवलात, तर त्याची आज्ञा "जीएस" नसते, "जीएसविन६४सी" असते. यावर भलेभले अडकतात.

मराठीचे कोणते फाँट हाताशी आहेत ते असं विचारा :

एफसी-लिस्ट :लँग=एमआर फॅमिली

ज्या फाँटमध्ये मराठीला लागणारी सगळी अक्षरं आहेत, तेच या यादीत येतात. यादी रिकामी आली तर नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता किंवा आयआयटी मुंबईने तयार केलेला शोभिका यांपैकी एखादा उतरवून घ्या. तिन्ही मोफत आहेत आणि पुस्तकाच्या मजकुराला शोभतात.

तीन प्रश्न, प्रत्येक पीडीएफला

पहिला प्रश्न फाँटचा.

पीडीएफफाँट्स स्मरणिका.पीडीएफ

उत्तरात एक तक्ता येतो. त्यातल्या "एम्ब" या रकान्यात प्रत्येक फाँटपुढे "येस" हवं. म्हणजे फाँट पोटात आहे. एक जरी "नो" दिसलं तरी फाइल प्रेसला पाठवू नका, फाँट तिथेच उडणार आहे. नावाआधी सहा मोठी अक्षरं आणि अधिकचिन्ह दिसलं तर घाबरू नका. वापरलेली अक्षरं तेवढीच भरली आहेत असा त्याचा अर्थ. "टाइप" रकान्यात "टाइप ३" दिसलं तर मात्र भुवई उंचवा, त्याबद्दल पुढे येतंच. "युनि" रकान्यात "नो" असेल तर त्या मजकुरात शोध चालण्याची खात्री नाही.

दुसरा प्रश्न आकाराचा.

पीडीएफइन्फो स्मरणिका.पीडीएफ

"पेज साइझ" या ओळीत ५९५ × ८४२ पॉइंट म्हणजे ए४, म्हणजेच २१० × २९७ मिलिमीटर. ६१२ × ७९२ दिसलं तर ते अमेरिकन लेटर. ते रुंदीला सहा मिलिमीटर जास्त आणि उंचीला अठरा मिलिमीटर कमी असतं. "साइझ बसत नाही" हे वाक्य बहुतेक वेळा या दोन आकड्यांतून जन्मतं, कारण बाहेरून आलेली कितीतरी साधनं सांगितलं नाही तर लेटरच धरून चालतात. आपल्या पुस्तकांचा नेहमीचा डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच, इथे ३९६ × ६१२ असा दिसायला हवा.

तिसरा प्रश्न मजकुराचा, आणि मराठीसाठी हाच सगळ्यांत महत्त्वाचा.

पीडीएफटूटेक्स्ट -लेआउट स्मरणिका.पीडीएफ -

इथलं "टू" अक्षरांत लिहायचं, टी आणि ओ. शेवटचं एकटं उणेचिन्ह विसरू नका. त्यामुळे मजकूर वेगळ्या फाइलीत न जाता समोरच उमटतो. तो वाचा. "निफाड"चं "िनफाड" आणि "दिंडोरी"चं "िदंडोरी" झालेलं दिसलं, तर पीडीएफ छापायला ठीक आहे पण शोधायला निकामी आहे. पानावर वेलांटी अक्षराच्या डावीकडे रंगते, पण साठवताना ती अक्षरानंतर येते. पीडीएफला फक्त रंगवलेला क्रम माहीत असला, की मजकूर परत काढताना वेलांटी पुढे उडी मारते. मग संकेतस्थळावर चढवलेल्या अंकात "निफाड" शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही आणि अंधांसाठीचं वाचकयंत्र भलतंच काहीतरी वाचतं.

चाचणीसाठी एक ओळ कायम जवळ ठेवा. नाशिककरांना ती शोधायला लांब जावं लागत नाही : "त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर वाऱ्याने किर्र झाडी हलली; सिंहस्थाचं उद्‌घाटन." त्र्यं हे तिहेरी जोडाक्षर, ह्म, ऱ्या, रफार, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार आणि मुद्दाम तोडलेला द् एवढं सगळं एका ओळीत येतं. ही ओळ पीडीएफमध्ये जाऊन धड परत आली, तर बाकीचा मजकूरही बहुधा येईल.

जुन्या लाटेक फाइली : जमेल तितकं मागे जा

गणित-भौतिकशास्त्राच्या कुठल्याही जुन्या प्राध्यापकांचं कपाट उघडा, प्रश्नसंच लाटेकमध्येच निघतात, म्हणजे मजकुरात खुणा लिहून पान बांधायच्या प्रणालीत. फोल्डरात एकाच नावाच्या तीन फाइली असतात : डॉट टेक, डॉट डीव्हीआय आणि डॉट पीएस. लोक पटकन शेवटची उचलतात आणि तिची पीडीएफ करतात. करायचं नेमकं उलटं.

या तीन फाइली म्हणजे एकाच कामाचे तीन टप्पे. लाटेक ज्याच्यावर उभं आहे ते डॉनल्ड नूथ यांचं टेक मुळात पीडीएफच्या खूप आधीचं, १९७८चं. त्यातून डीव्हीआय निघायची, म्हणजे कोणतं अक्षर पानावर कुठे बसवायचं याची नुसती नोंद. तिच्यात फाँट नसतात, फक्त त्यांची नावं असतात. आकृत्याही बाहेरच असतात. १९८४ साली ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छापायच्या पानाचं वर्णन करणारी भाषा, आली आणि डीव्हीआयवरून डॉट पीएस करून छापायची पद्धत रुळली. पीडीएफ थेट १९९३ची. जुन्या डॉट पीएस फाइलीत अक्षरं अनेकदा इंचाला तीनशे किंवा सहाशे ठिपक्यांची चित्रं म्हणून भरलेली असतात. पीडीएफफाँट्सच्या तक्त्यात "टाइप ३" म्हणून बहुतेकदा हीच दिसतात. त्यांची पीडीएफ केली तरी ती चित्रंच राहतात. मोठी करून पाहिली की कडा दातेरी.

तेव्हा डॉट टेक फाइल असेल तर तिच्यापासूनच सुरू करा. इंग्रजी मजकूर आणि साध्या आकृत्या असतील तर :

पीडीएफलाटेक प्रश्नसंच.टेक

ही आज्ञा दोनदा चालवा. अनुक्रमणिका आणि "पाहा आकृती ३" यांसारखे संदर्भ पहिल्या फेरीत नोंदले जातात, दुसऱ्या फेरीत पानावर बसतात. दोनदा चालवायचा कंटाळा असेल तर लाटेकएमके आहेच. किती फेऱ्या लागतील हे तो स्वतः ठरवतो :

लाटेकएमके -पीडीएफ प्रश्नसंच.टेक

मध्येच काम थांबून नुसतं प्रश्नचिन्ह दिसलं तर चूक सापडली आहे. एक्स टाइप करून एंटर दाबा, बाहेर पडाल. चुकीच्या ओळीचा क्रमांक वरच लिहिलेला असतो. एल या अक्षराला लागून असलेला आकडा तो.

आकृत्या पीएसट्रिक्स या लाटेकच्या पॅकेजमध्ये काढलेल्या असतील तर हा सरळ रस्ता चालत नाही, कारण त्यांच्या आत कच्ची पोस्टस्क्रिप्ट असते. तिथे जुन्या वाटेनेच जायचं, तीन पावलांत :

लाटेक प्रश्नसंच.टेक
डीव्हीआयपीएस -पीपीडीएफ -टी ए४ प्रश्नसंच.डीव्हीआय -ओ प्रश्नसंच.पीएस
पीएस२पीडीएफ प्रश्नसंच.पीएस प्रश्नसंच.पीडीएफ

दुसऱ्या ओळीत उणेचिन्हानंतर पी मोठा, आणि त्याला चिकटून लहान अक्षरांत पीडीएफ. यामुळे ठिपक्यांच्या फाँटऐवजी रेषांचे, म्हणजे टाइप १ जातीचे फाँट जातात. तिसऱ्या आज्ञेत "टू" अक्षरांत नाही, आकडा दोन.

डॉट टेक हरवली आणि फक्त डीव्हीआय उरली असेल तरी आशा आहे :

डीव्हीआयपीडीएफएमएक्स -पी ए४ प्रश्नसंच.डीव्हीआय

आकृत्यांच्या ईपीएस फाइली त्याच फोल्डरात असल्या पाहिजेत, नाहीतर त्यांच्या जागी कोरी चौकट येईल. फक्त डॉट पीएस उरली असेल तर पीएस२पीडीएफ चालवा आणि ठिपके पदरात घ्या. त्या वेळी आकार स्पष्ट सांगा : उणेचिन्हाला लागून लहान एस, मग मोठ्या अक्षरांत पेपरसाइझ, बरोबरचं चिन्ह, ए४.

जाता जाता, संस्कृतवाल्यांच्या जुन्या फोल्डरांत कधी कधी डॉट डीएन अशी फाइल सापडते आणि उघडल्यावर रोमन अक्षरांत "राम" लिहिलेला दिसतो. ती फाइल खराब झालेली नाही. नेदरलँड्सच्या फ्रान्स वेल्टहुइस यांनी १९९१ साली काढलेली ती देवनागरीची पद्धत आहे. आधी "देवनाग" ही आज्ञा तिच्यावर चालवायची, त्यातून डॉट टेक फाइल मिळते, आणि पुढचा रस्ता वर सांगितलेला.

मराठी स्मरणिका : झीलाटेक

मराठी मजकूर साध्या पीडीएफलाटेकमध्ये टाकलात तर पहिल्याच "क"ला तो "युनिकोड कॅरेक्टर क, यू+०९१५, नॉट सेट अप" असं म्हणून हात वर करतो. मराठीसाठी झीलाटेक वापरा; स्पेलिंग एक्स-ई-एल-ए-टी-ई-एक्स. जोनाथन क्यू यांनी २००४ साली आणलेलं झीटेक हे त्यामागचं इंजिन. ते संगणकावर बसवलेले फाँट थेट वापरतं आणि युनिकोड मजकूर, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीतला, जसाच्या तसा घेतं.

डॉट टेक फाइलीच्या सुरुवातीला तीन गोष्टी लागतात.

एक, कागद. "जिऑमेट्री" हे पॅकेज घेऊन "पेपरविड्थ" साडेपाच इंच आणि "पेपरहाइट" साडेआठ इंच द्या. शिलाईच्या बाजूचा समास, म्हणजे "इनर", बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवा. जाड अंकात आतल्या ओळी घडीत गिळल्या जातात, आणि वाचक पुस्तक पाठीतून मोडतो.

दोन, फाँट. "फाँटस्पेक" पॅकेज घेऊन "सेटमेनफाँट" ही आज्ञा द्या. तिच्या चौकटी कंसात स्क्रिप्ट=देवनागरी, लँग्वेज=मराठी असं लिहा आणि महिरपी कंसात फाँटचं नाव, एफसी-लिस्टने दाखवलं होतं अगदी तसं. स्क्रिप्ट सांगितली नाही तर वेलांटी जागेवर बसत नाही आणि जोडाक्षरं पाय मोडलेली दिसतात. भाषा सांगण्याचं कारण वेगळं आहे. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीपेक्षा निराळी. ज्या फाँटमध्ये दोन्ही भरलेली असतात, तो भाषा बघून योग्य वळण काढतो. नाशिकच्या अंकात हिंदी वळणाचा ल पाहून मुद्रितशोधक काका पानभर लाल गोल करतील, आणि बरोबरच करतील.

तीन, एक अशी ओळ जी बहुतेक नमुना फाइलींत नसते. तिरपी उलटी रेघ, मग सलग "झीटेकजनरेटॲक्चुअलटेक्स्ट", बरोबर, १. यातले एक्स, टी आणि एक्स ही रोमन अक्षरं मोठी, बाकी लहान. टेक म्हणजे मोठा टी, लहान ई, मोठा एक्स. या एका ओळीने पानावरच्या प्रत्येक शब्दामागे त्याचं मूळ युनिकोड लेखन पीडीएफमध्ये जातं, आणि "िनफाड" पुन्हा "निफाड" होतो. ओळ घालण्याआधी आणि घातल्यावर पीडीएफटूटेक्स्ट चालवून बघाच. मोबाइलवरचे काही वाचक तरीही याकडे काणाडोळा करतात, त्याला इलाज नाही.

मग बांधणी :

लाटेकएमके -झीलाटेक स्मरणिका.टेक

मजकुरात दुरुस्त्या चालू असताना मागे "-पीव्हीसी" जोडा. तुम्ही फाइल साठवली की पीडीएफ आपोआप ताजी होत राहते. मुद्रितशोधनाला बसलेल्या माणसाला याचं फार सुख वाटतं. शेवटी "लाटेकएमके -सी" दिलं की मधल्या फाइलींचा कचरा साफ होतो, पीडीएफ राहते. फाइलीचं नाव रोमनमध्ये आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. "अंतिम नवीन फायनल २" असल्या नावावर टर्मिनल प्रत्येक मोकळ्या जागेपाशी अडखळतं.

बांधणी झाली की डॉट लॉग फाइल उघडून त्यात "मिसिंग कॅरेक्टर" शोधा. फाँटमध्ये नसलेलं चिन्ह झीलाटेक गाळून पुढे जातो. पानावर रिकामी जागा किंवा चौकट उरते. यात हमखास सापडणारं चिन्ह म्हणजे ₹. ते २०१० साली स्वीकारलं गेलं, त्यामुळे त्याआधीच्या फाँटमध्ये ते असणारच नाही. जाहिरातींच्या दरपत्रकात नुसता आकडा छापला गेला तर वसुलीच्या वेळी वाद होतात.

वर्डच्या फाइलींचा गठ्ठा

सगळेच लाटेक वापरत नाहीत. निफाड-पिंपळगावच्या भागातल्या एखाद्या शेतकरी गटाकडे पंधरवड्याला एक अशी सल्लापत्रकं वर्डमध्ये साठलेली असतात, आणि त्या सगळ्यांच्या पीडीएफ हव्या असतात. एकेक उघडून प्रिंट करत बसू नका. लिब्रेऑफिस खिडकी न उघडता हे काम करतं :

एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ --आउटडिर तयार *.डॉक्स

"तयार" हा फोल्डर. त्यालाही रोमन नाव द्या. तारांकनाचा अर्थ या फोल्डरातल्या सगळ्या वर्ड फाइली. विस्तारनामाचं स्पेलिंग डी-ओ-सी-एक्स. आज्ञा गुपचूप परत आली आणि काहीच घडलं नाही, तर लिब्रेऑफिसची एखादी खिडकी मागे उघडी आहे का बघा. ती बंद करून पुन्हा चालवा.

इथे खरा घोळ फाँटचा. वर्डमधला मराठी मजकूर बहुधा मंगल किंवा निर्मला यूआयमध्ये असतो. हे दोन्ही विंडोजचे फाँट. उबुंटूवर ते नसतात. लिब्रेऑफिस न बोलता दुसरा फाँट लावतो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि चार पानांचं पत्रक पाच पानांचं होतं. पीडीएफफाँट्समध्ये मंगलऐवजी लोहित किंवा नोटो दिसला की समजायचं. गटाने यापुढे मुक्तासारखा मोफत फाँट सगळ्यांच्या संगणकांवर बसवून त्यातच लिहायचं ठरवलं तर हा प्रश्न उरतच नाही. माझा आग्रह त्याचाच आहे.

पँडॉक, टाइप्स्ट आणि ग्रॉफ, थोडक्यात

मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकूर-फाइलीत, असेल तर पँडॉक त्याची पीडीएफ करतो, पण आतून लाटेकच वापरतो आणि न सांगता पीडीएफलाटेक निवडतो. म्हणून मराठीसाठी "--पीडीएफ-इंजिन=झीलाटेक" द्यावंच लागतं. त्यासोबत मोठा व्ही घेऊन "मेनफाँट"मध्ये फाँटचं नाव आणि "मेनफाँटऑप्शन्स"मध्ये स्क्रिप्ट=देवनागरी. मुक्त विद्यापीठाचे प्रकल्प-अहवाल लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हा मार्ग सोपा जातो.

टाइप्स्ट हे २०२३ साली खुलं झालेलं नवं साधन. "टाइप्स्ट कंपाइल अहवाल.टीवायपी" एवढंच. वेग थक्क करणारा, चुकांचे संदेश माणसाला कळतील असे. नवं शिकायला बसणाऱ्याला मी आधी हेच सुचवीन. लांबलचक पुस्तकासाठी आणि जुन्या फाइलींसाठी मात्र अजून लाटेकच. ग्रॉफ हे पान बांधायचं जुनं साधन देवनागरीच्या कामाचं नाही, पण "मॅन -टीपीडीएफ" लिहून कुठल्याही आज्ञेचं मदतपान सुंदर पीडीएफमध्ये मिळतं. इथे टी मोठा, आणि निकाल फाइलीत वळवायला मोठ्यापेक्षा-चिन्ह.

दिसतं मराठी, असतं भलतंच

युनिकोड रुळण्याआधीचे श्रीलिपी, शिवाजी वगैरे फाँट अजून आपल्याकडे जोरात आहेत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. अशा फाइलीची पीडीएफ पहिल्या दोन परीक्षांत उत्तीर्ण होते : फाँट पोटात, आकार बरोबर. तिसऱ्या प्रश्नाला मात्र रोमन अक्षरांचा चुरा बाहेर पडतो.

फक्त छापायचं असेल तर छापून मोकळे व्हा. तोच अंक संकेतस्थळावर जायचा असेल, तर मूळ मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणा आणि रफार, ऱ्य आणि ह्य डोळ्यांत तेल घालून तपासा. परिवर्तक तिथेच घसरतात. मूळ फाइल हरवली असेल आणि नुसती पीडीएफ हातात असेल, तर चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं मराठी पॅकेज बसवून ओसीआर-माय-पीडीएफ वापरा :

ओसीआरमायपीडीएफ -एल एमएआर --फोर्स-ओसीआर जुना.पीडीएफ शोधता.पीडीएफ

यात प्रत्येक पानाचं चित्र होतं आणि त्याच्यामागे ओळखलेला मजकूर अदृश्य थर म्हणून बसतो. फाइल फुगते, शोध चालतो. ही प्रत छापायला देऊ नका.

याच कारणाने "कर्व्ह करून पाठवा" म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून पाठवा, हा सल्ला मला पटत नाही. कर्व्ह केल्यावर फाँट उडत नाही हे खरं, पण मजकूर मजकूर राहत नाही, आणि बारीक अक्षरं छपाईत किंचित जाड येतात. फाँट पोटात असल्याचा पीडीएफफाँट्सचा तक्ता प्रेसला दाखवा. समंजस ऑपरेटर मानतो.

प्रेसला देताना

मुखपृष्ठ कुणी कोरलमध्ये केलेलं असतं, आतली पानं तुमची. जोडायला क्यूपीडीएफ :

क्यूपीडीएफ --एम्प्टी --पेजेस मुखपृष्ठ.पीडीएफ आत.पीडीएफ -- पूर्ण.पीडीएफ

शेवटच्या नावाआधी दोन उणेचिन्हं, दोन्ही बाजूंना जागा सोडून. ही जोडलेली प्रत समितीला दाखवायची. प्रेसला मुखपृष्ठ वेगळंच द्या, त्याचा कागद आणि रंग दोन्ही निराळे असतात. मुखपृष्ठावर चित्र कडेपर्यंत जात असेल तर चारही बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जादा जागा, हवं. "पीडीएफइन्फो -बॉक्स" दिल्यावर मीडियाबॉक्स (पूर्ण पान) ट्रिमबॉक्सपेक्षा (कापल्यावर उरणारं पान) तेवढा मोठा दिसला पाहिजे.

आतली पानं एकरंगी असतील तर त्यांत चुकूनही रंग नको. लाटेकचा साधा मजकूर शुद्ध काळाच असतो. लिब्रेऑफिसमधून आलेला काळा आणि फोटो मात्र आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, असतात. छपाईच्या चार रंगांत वेगळा करताना तो काळा चारही प्लेटांवर जाऊ शकतो, आणि बारीक अक्षरांना रंगीत सावली येते. घोस्टस्क्रिप्टने आधीच करडं करून घ्या :

जीएस -ओ करडी.पीडीएफ -एसडिव्हाइस=पीडीएफराइट -एसकलरकन्व्हर्जनस्ट्रॅटेजी=ग्रे आत.पीडीएफ

दोन्ही पर्यायांत पहिला एस लहान. त्यापुढे "डिव्हाइस" सगळं मोठ्या अक्षरांत आणि "कलर कन्व्हर्जन स्ट्रॅटेजी" प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून, सलग. ग्रेचं पहिलं अक्षरही मोठं. मग खात्री :

जीएस -ओ - -एसडिव्हाइस=इंककव्ह करडी.पीडीएफ

"इंककव्ह"चं स्पेलिंग आय-एन-के-सी-ओ-व्ही. प्रत्येक पानासाठी चार आकडे येतात : निळा, किरमिजी, पिवळा, काळा. पहिले तीन शून्य आणि चौथ्यात ०.०५ सारखं काही दिसलं की पान एकरंगी. फोटोच्या पानांवर चौथा आकडा मोठा येईल, ते बरोबर आहे.

पानांची संख्या फर्म्यात बसते का तेही आताच बघा. १६ पानांचा एक फर्मा धरला तर ९६ पानांचे सहा होतात. ९८ झाली तर दोन पानांसाठी कागद वाया जातो. संपादकांना तेव्हाच सांगा की एक कविता काढा किंवा चौदा पानांच्या जाहिराती आणा. आणि पानं घडीच्या क्रमाने स्वतः लावून देऊ नका. पीडीएफजॅमच्या "बुकलेट" पर्यायाने ते जमतं, पण ते घरच्या प्रिंटरवर पुस्तिका काढण्यापुरतं ठीक. प्रेसला सरळ क्रमाची, एकेका पानाची फाइल हवी असते. मांडणी त्यांचं सॉफ्टवेअर करतं.

सर्वांत शेवटी "क्यूपीडीएफ --चेक पूर्ण.पीडीएफ" चालवा. फाइल मध्येच तुटली असेल तर ते इथे कळतं.

गटावर पाठवायची प्रत

छपाईची फाइल तीस-चाळीस एमबीची असते, ती सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. वेगळी हलकी प्रत करा : वरच्याच जीएसच्या आज्ञेत रंगाच्या पर्यायाऐवजी "-डीपीडीएफसेटिंग्ज=/ईबुक" द्या. इथे पहिला डी लहान, पुढचं पीडीएफसेटिंग्ज सगळं मोठ्या अक्षरांत, आणि तिरप्या रेघेनंतरचं ईबुक लहान. यात फोटो दीडशे डीपीआयवर येतात, मोबाइलला पुरेसे. "/स्क्रीन" दिलात तर ७२वर घसरतात आणि समूहफोटोतले चेहरे ओळखू येत नाहीत. गावातल्या अंकात हे परवडत नाही.

घोस्टस्क्रिप्ट फाइल नुसती दाबत नाही, ती पहिल्यापासून नव्याने लिहितो. त्यामुळे शब्दांमागे घातलेलं मूळ युनिकोड लेखन वाटेत गळू शकतं. हलक्या प्रतीवर त्र्यंबकेश्वराच्या ओळीची परीक्षा पुन्हा घ्या. नापास झाली तर आधी फोटोच लहान करा आणि लाटेकएमकेने हलकी प्रत सरळ मुळापासून बांधा. घोस्टस्क्रिप्ट मधे येऊ देऊ नका. दोन्ही फाइलींच्या नावांत "छपाई" आणि "मोबाइल" असं रोमनमध्ये घाला. नाहीतर घाईत ईबुकवाली प्रत प्लेटवर चढते, आणि हा घोळ कळतो तेव्हा फर्मे बाइंडिंगला गेलेले असतात.